सॅम्पलचा पेला

आमची कंपनी नीतीमध्ये राज्यातल्या पहिल्या दहांत आहे. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. आमच्या दूध केंद्राच्या भिंतीवर, फॅटच्या दरपत्रकाशेजारी, तसं लिहिलेली काचेची पाटी लावलेली आहे, आणि आता दुधाच्या पिशवीवरही छोटा सोनेरी शिक्का छापून येतो. पाटी इंग्रजीत आहे. गावात ती वाचू शकणारी माणसं आहेत, पण सकाळी साडेसहाला किटली घेऊन रांगेत उभं राहिल्यावर भिंती वाचत बसायला कुणाला सवड असते? मी मात्र ती रोज वाचते, कारण त्या पाटीसाठीचा अर्ज मी माझ्या हातानं भरला होता.

कळंबच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं, लग्नही कळंबातच झालं, आणि तिथून अर्ध्या तासावरच्या गावात या खासगी कंपनीच्या संकलन केंद्रावर नोकरी लागली. तेव्हापासून घरचा स्वयंपाक उरकायचा, स्कूटी काढायची आणि उजाडता उजाडता मशीनपुढं बसायचं, हे माझं चाललेलं आहे. शेजारी वजनकाट्यावर एक दादा असतात. लोक मला मॅडम म्हणतात, म्हाताऱ्या बाया पोरी म्हणतात, आणि फॅट कमी लागलं की दोघंही मनातल्या मनात आणखी काहीतरी म्हणत असणार. त्यांचा तो हक्क आहे.

आमच्याकडं आधी सॅम्पल, मग वजन. माणूस किटली पुढं ठेवायचा, मी तिच्यातून पेलाभर दूध काढून घ्यायचे, मशीनची नळी पेल्यात सोडायचे, फॅट आणि डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, आकड्यांत दिसायची, आणि मग उरलेली किटली काट्यावर जायची. पेला स्टीलचा, चांगला पाहुणचाराचा. मशीन येण्याआधीच्या काळातला तो असावा, कुणी बदलला नाही. मशीनला खरं म्हणजे दोन-तीन चमचे दूध पुरतं. बाकीचं पेल्यातच राहायचं. ते आम्ही पायाशी ठेवलेल्या बादलीत ओतायचो. बादली भरली की त्यातून केंद्राचा चहा व्हायचा आणि उरलेलं दूध थंड ठेवायच्या कूलरमध्ये जायचं. टँकर भरताना थोडीफार घट येते, ती या दुधातून भरून निघायची. कंपनी हुशार, तिचं काही सांडत नाही.

आता यात गावकऱ्यांनी स्वतःची भर घातली होती. पेला जेवढा काठोकाठ, तेवढं फॅट चांगलं लागतं, असा सगळ्या गावाचा पक्का समज होता. कुणी पसरवला देव जाणे. माणसं पेला माझ्या हातातून घेऊन स्वतः भरायची. किटली आधी हलवून, वरची साय पेल्यात येईल अशा बेतानं, अगदी बोटावर ओघळेपर्यंत. एखाद्या दिवशी फॅट कमी आलं तर पुढच्या दिवशी पेला आणखी भरून. "मशीनचं पोट भरलं पायजे," असं ते एकमेकांना शिकवायचे. मी ऐकायचे आणि गप्प बसायचे. पहिल्या महिन्यात एकदा साहेबांना, म्हणजे आमच्या एरिया मॅनेजरना, विचारलं होतं, एवढं कशाला घ्यायचं म्हणून. ते म्हणाले, "ते स्वतःच देतात ना? तुम्हाला काय त्रास आहे?" मला काहीच त्रास नव्हता. त्या बादलीतला चहा मीही प्यायले आहे, आलं घालून, साखर जास्त टाकून. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी फार मोठी सत्यवादी होते असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

मग तो अर्ज आला. साहेब महिन्यातून दोनदा चारचाकीनं येणारे. दिवाळीनंतर आले ते लॅपटॉप उघडूनच. म्हणाले, "मॅडम, तुमचं इंग्रजी बरं आहे. पुरवठादारांशी संबंध, हा भाग तुम्ही भरा. सगळ्यात चांगलं केंद्र म्हणून आपण हेच दाखवतोय." नैतिक कंपन्यांची यादी निघणार होती, तिच्यात नंबर लागले की मुंबईत मोठ्या हॉटेलात सोहळा. मी विचारलं, तपासायला कोण येणार? ते हसले. "कोण येणार? आपणच लिहायचं, आपणच पाठवायचं. प्रवेशाची फी भरली आहे, सोहळ्याला टेबलही बुक केलंय."

मला ते ऐकून जे वाटलं ते अजून तसंच वाटतं, म्हणून लिहिते. आमच्याकडं एखादी बाई तुळजाभवानीची शपथ घेऊन म्हणाली की माझ्या दुधात पाण्याचा थेंब नाही, तरी मशीन लावल्याशिवाय आम्ही तिचं दूध घेत नाही. रोज, दोन्ही वेळा, प्रत्येकाचं. काल चांगलं होतं म्हणून आज सोडत नाही. आणि ही एवढी मोठी कंपनी, शेकडो गावांतून दूध उचलणारी, तिची नीती मात्र तिच्या स्वतःच्या शब्दावर पास. वरून नंबरही! मला कुणी सांगा, नीतीचं फॅट काढतात तरी कशानं? सातव्या कंपनीपेक्षा सहावी कंपनी किती थेंबांनी जास्त प्रामाणिक असते?

अर्जात एक प्रश्न होता. पुरवठादारांकडून मोबदला न देता कुठलाही माल घेतला जातो का? पुढं दोन चौकोन, हो आणि नाही. मी बराच वेळ त्या प्रश्नापुढं बसले. पायाशी बादली होती. मग मी 'हो'वर खूण केली आणि खाली दोन ओळींत लिहिलं की चाचणीसाठी लागतं त्यापेक्षा बरंच जास्त दूध नमुना म्हणून घेतलं जातं, ते परत दिलं जात नाही, वजनातही धरलं जात नाही. केमिस्ट्रीवाल्या माणसानं निरीक्षण लिहावं तसं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि माझ्यादेखत खोडलं. रागावले वगैरे नाहीत. पोरानं वहीत चुकीचं गणित केल्यावर मास्तर खोडतात तसं, मायेनं. "मॅडम, तुम्ही फार खोलात जाता," म्हणाले. 'नाही'वर खूण झाली आणि अर्ज गेला.

चार महिन्यांनी पाटी आली.

पाटी आली म्हणजे नुसती खिळा मारून लावायची नव्हती. पुण्याहून कॅमेरा येणार होता. ज्या केंद्राच्या जोरावर नंबर लागला तिथल्या एका जुन्या, गरीब, शक्यतो बाई असलेल्या पुरवठादाराचा सत्कार करायचा, शाल द्यायची, तिच्या हातात पाटी देऊन दोन वाक्यं बोलून घ्यायची असं ठरलं. साहेब फोनवर म्हणाले, "कुणी आहे का, चेहरा चांगला असलेलं?" मी मावशींचं नाव दिलं. त्या माझ्या कुणी नात्यातल्या नाहीत, सगळं गाव त्यांना मावशीच म्हणतं. एकट्या राहतात, एक म्हैस आहे, आणि मी नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी रांगेत पहिला नंबर त्यांचाच होता. पेला भरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

आदल्या दिवशी सकाळचं दूध आटोपल्यावर मी त्यांना सांगायला घरी गेले. बारा वर्षांत पहिल्यांदाच. गोठा लखलखीत, घर दोन खोल्यांचं. त्यांनी चुलीवर चहा टाकला. मला बशीसकट कप आणून दिला, दूध घातलेला. स्वतःला वाटीत कोरा ओतून घेतला. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही कोरा का घेता? घरात म्हैस आहे की."

"आता जिभंला सवय लागली," त्या म्हणाल्या. "सकाळ-सांजचं सगळं डेरीला घालती. घरात कपभर ठिवलं तर किटली उणी दिसती. आता तू आलीस म्हनून इरजनाला ठिवल्याल्या तपेलीतलं... थांब, बिस्कूट देती."

"म्हणजे रोजच कोरा?"

"रोजच. त्यात काय हाय? दूध काय चहात घालायला असतंय व्हय, पोरी?"

मी कप हातात धरून बसले. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही राग आला. साहेबांचा आला, त्या मुंबईच्या हॉटेलाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. ही बाई रोज सकाळी एक पेला दूध स्वतःच्या हातानं, साय निवडून, आमच्या बादलीत घालत होती आणि घरी जाऊन कोरा चहा पीत होती. त्याच बादलीतला चहा मी पीत होते. बादलीतलं दूध कुणाचं होतं ते तेव्हाही माहीत होतं. पण अर्जात दोन ओळी लिहिल्या म्हणून मला वाटत होतं की माझं काम झालं.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा लागला. केंद्राला फुगे, दारात रांगोळी. पुण्याहून आलेली एक चुणचुणीत ताई सगळ्यांना कुठं उभं राहायचं ते सांगत होती. तिला रोजचं काम 'जसं चालतं तसं' हवं होतं. मावशी नवं लुगडं नेसून पहिल्या नंबरला. साहेब मागं हात बांधून हसतमुख. मावशींनी सवयीनं पेला उचलला आणि भरायला घेतला. मी म्हटलं, "थांबा मावशी. मी घेते."

मी घरून प्लास्टिकची छोटी बाटली आणली होती, औषधाची असते तेवढी. किटली ढवळून तिच्यात दोन-तीन चमचे दूध घेतलं, नळी सोडली. आकडे आले. रोज येत होते तेवढेच. रिकामा पेला मी उचलून मागं ठेवला आणि दादांना म्हटलं, वजन करा.

मावशी बिथरल्या. "आगं, पेला भर की! मशीन उपाशी राहील. फॅट कापंल ना ते!"

"मावशी, मशीनला एवढंच लागतं."

"आज एवढं लागतंय. रोजचं?"

"रोजचंही एवढंच. कधीच जास्त लागत नव्हतं."

 मागची माणसं रांग मोडून पुढं सरकली आणि बघायला लागली. पुण्याच्या ताईला काय चाललंय ते कळलं नसावं, कॅमेरा चालूच होता. साहेब पुढं झाले, हसत हसत म्हणाले, "मॅडम गंमत करतात. चला, सत्कार घेऊ." पण मावशींनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

"मंग उरल्यालं कुठं जात व्हतं?"

मी बादली दाखवली. त्या बादलीकडं बघून झाल्यावर त्यांनी जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही. आवाज अगदी साधा होता. "आन् तुला हे ठाव व्हतं?"

"होय," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

 त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दूध काट्यावर घातलं, चिठ्ठी घेतली आणि शाल न घेता निघून गेल्या. साहेबांनी मग दुसऱ्या एका बाईंच्या हातात पाटी देऊन काम भागवलं. रांग पुढं सरकली आणि दुसऱ्या नंबरच्या माणसानं किटली माझ्याकडं नुसती सरकवली, पेला मागितला नाही. "बाटलीतच घ्या, मॅडम." तिसऱ्यानंही तेच केलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. शेजारच्या दोन गावांत तिसऱ्या दिवशी गेलं.

साहेबांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. कंपनीच्या गोपनीय कार्यपद्धतीबद्दल होतं. मी म्हटलं, साहेब, रांगेतल्या साठ माणसांसमोर रोज दोनदा होतं त्याला गोपनीय कसं म्हणायचं? त्यांनी पेला पुन्हा सुरू करायला सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही या आणि तुम्ही भरून घ्या. ते आले नाहीत. घट आता कागदावर दिसायला लागली, तिचं कारणही मी दर महिन्याला लिहून पाठवते, की टँकर भरताना सांडतं.

मावशी रोज येत राहिल्या. म्हशीला काय, ती दूध द्यायची थांबत नाही. पण माझ्याशी एक शब्द नाही. पोरी नाही, मॅडम नाही. किटली ठेवायच्या, चिठ्ठी घ्यायच्या. एकदा मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "व्हय, चुकलंच," आणि गेल्या. असे कितीतरी महिने. मला ते लागत होतं आणि लागायलाच हवं होतं. माझं नाव घेऊन गावात कौतुक करणारे होते, मॅडमनी डेरीची चोरी पकडली म्हणून. त्यांना मी सांगायचे, चोरी करणाऱ्यांत मीही होते. ते हसायचे. मावशी एकट्याच हसत नव्हत्या.

यंदा पुन्हा अर्ज आला. साहेब पुन्हा लॅपटॉप घेऊन आले आणि त्यांनी मला आधीच भरलेला भाग दाखवला. नवा उपक्रम म्हणून लिहिलं होतं: पुरवठादारांच्या हितासाठी कंपनीनं स्वयंप्रेरणेनं नमुन्याचं प्रमाण कमी केलं आहे. खाली केंद्रप्रमुख म्हणून माझ्या सहीची जागा. या उपक्रमामुळं आपण पहिल्या पाचांत जाऊ शकतो, असं ते म्हणाले. मी ते तीनदा वाचलं. स्वयंप्रेरणा! असं धडधडीत खोटं लिहायलाही कसब लागतं, ते माझ्यात नाही. सही केली नाही तर परंड्याच्या केंद्रावर माणूस हवाच आहे, हेही त्यांनी बोलता बोलता सांगितलं. कळंबहून रोज परंडा म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याची ती ताई कॅमेरा घेऊन हजर. गेल्या वर्षी काय झालं ते तिला तेव्हा कळलं नव्हतं आणि नंतरही कुणी सांगितलेलं नव्हतं, हे उघड होतं. तिला पहिल्या नंबरला दिसल्या मावशी. चेहरा चांगला. तिनं गोड आवाजात विचारलं, "आजी, कंपनी आता तुमचं जास्तीचं दूध घेत नाही. कसं वाटतं तुम्हाला?"

मावशींनी किटली खाली ठेवली. पदर नीट केला. "चोरानं चोरी थांबिवली," त्या म्हणाल्या, "तर तुमच्या पुण्यात त्याला शाल घालतेत का ओ, बाई?"

ताईनं कॅमेरा खाली घेतला. साहेब म्हणाले, दुसरं कुणी बोलेल. दुसऱ्या नंबरची सूनबाई म्हणाली, "मावशी म्हनल्या त्येच माजं." तिसरा गडी म्हणाला, "लिवा, माजं बी." रांगेतून कुणीतरी ओरडलं, सगळ्यांचं एकच लिवा, उगा टाइम कशाला घालवता. आणि खरंच, साठ माणसांत कंपनीला एक माणूस सापडला नाही. साहेब लाल झाले. सगळ्यांसमोर माझ्यापुढं अर्ज धरून म्हणाले, "मॅडम, शेवटचं विचारतो. तुम्ही कुणाच्या बाजूच्या आहात?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलल्या. "तिला काय इचारता? बारा वर्सं ती तुमच्यातच व्हती. आता आमी तिला आमच्यात घेतली."

माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. अर्ज होता तसाच, सहीविना, साहेबांच्या हातात परत दिला. "पोरी, दूध घे, ऊन चढतंय," मावशी म्हणाल्या.

बदलीचा कागद अजून आलेला नाही. आला तर परंड्याला जाईन. तिथलं मशीनही दोन-तीन चमच्यांपेक्षा जास्त दूध पीत नाही, आणि ते मी तिथल्या रांगेला पहिल्याच दिवशी सांगणार आहे.